बीट विसरा, कांद्याची सालं साठवा: ईस्टरची अंडी घरच्या रंगांनी रंगवताना

तुमच्या मुलीच्या किटाने, म्हणजे इथल्या जर्मन बालवाडीने, ईस्टरसाठी दहा उकडलेली रंगीत अंडी मागितली आहेत आणि रंग घरचेच हवेत, पाकिटातली गोळी चालणार नाही. तुम्ही बीट, हळद आणि जांभळा कोबी असं तिन्ही करून पाहिलंत. बीटाची अंडी मातकट झाली, हळदीच्या अंड्यांवर चट्टे पडले, आणि कोबीची जांभळी व्हायची ती निळी झाली. घरात पांढरी नाही, तपकिरी अंडी आहेत, ती चालतील का, असंही विचारलंय. शिवाय वसईच्या मावशींनाही यंदा हे करून बघायचंय.

आधी धीर देते. कोबीचं अंडं निळंच होतं. बीट सगळ्यांनाच दगा देतं. हळदीचे चट्टे मात्र टाळता येतात. मी इथे जर्मनीतल्या झाक्सन राज्यात ईस्टरच्या आधी मुलांच्या आणि पालकांच्या गटांना हे शिकवते. या विषयावरच्या याद्यांमध्ये वीस-वीस भाज्या आणि फळं दिलेली असतात, पण त्यातल्या अर्ध्याअधिक गोष्टी फोटोपुरत्या असतात. स्वयंपाकघरातल्या तीनच गोष्टी अंड्यावर भरवशाच्या: कांद्याची सालं, जांभळा कोबी आणि हळद. या तिन्हींतून विटकरी, निळा, पिवळा आणि त्यांच्या मिसळीतून हिरवा निघतो. किटाच्या टोपलीला एवढं पुरतं.

रंग का चढतो आणि का चढत नाही, ते एकदा कळलं की कृती पाठ करावी लागत नाही. कापड रंग पितं, अंड्याचं टरफल तसा पीत नाही. ते जवळजवळ ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट आहे, म्हणजे आपल्या घरगुती भाषेत चुनखडी. तिच्यावर प्रथिनांचा एक फार पातळ पापुद्रा असतो. रंग बसतो तो या पापुद्र्यात आणि त्याच्या लगेच खालच्या खडबडीत थरात. पापुद्रा सगळीकडे सारख्या जाडीचा नसतो, त्यात बोटांचं तेल लागलेलं असतं, कुठे कोंबडीच्या घरट्यातला मळ असतो. चट्टे पडतात ते बहुतेक वेळा इथूनच.

व्हिनेगरची भानगडही इथेच आहे. आम्लाने चुनखडी किंचित विरघळते. अंडं व्हिनेगरच्या पाण्यात टाकलं की अंगभर बारीक बुडबुडे धरतात, ते त्याचेच. त्यामुळे पृष्ठभाग जरा खरखरीत होतो आणि रंगाला धरायला जागा मिळते. शिवाय आम्लात पापुद्र्यातल्या प्रथिनांवर धन विद्युतभार येतो आणि बऱ्याच रंगांचे रेणू त्याकडे ओढले जातात. मात्र व्हिनेगर वाढवलं म्हणून रंग वाढत नाही. जास्त झालं तर वरचा थरच सुटतो आणि रंग कोंड्यासारखा हाताला येतो. गाळलेल्या रंगाच्या २५० मिली पाण्याला एक मोठा चमचा, एवढंच प्रमाण धरा.

आता एक इशारा, कारण आपल्या लोकांची इथे नवीन आल्यावर हमखास गफलत होते. जर्मन दुकानात एसिग-एसेन्स नावाची बाटली मिळते. ती दिसते व्हिनेगरसारखी, मिळतेही त्याच फळीवर, पण त्यात २५ टक्के आम्ल असतं. साध्या टेबल व्हिनेगरमध्ये सुमारे ५ टक्के. एसेन्स तसंच ओतलं तर रंग बिघडेलच, पण हाता-डोळ्यांना इजा होऊ शकते, आणि आजूबाजूला मुलं असतात. एक भाग एसेन्सला चार भाग पाणी घालून आधी वेगळ्या बाटलीत पातळ करा, किंवा सरळ साधं पांढरं व्हिनेगर आणा. सफरचंदाचं व्हिनेगरही चालतं.

रंगवण्याआधी अंडी कोमट पाण्याने हलक्या हाताने धुवा, मग व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या फडक्याने पुसा. इथल्या अंड्यांवर लाल अक्षरांत शिक्का असतो: ० म्हणजे सेंद्रिय, १ म्हणजे मोकळी फिरणारी कोंबडी, मग देशाची आद्याक्षरं आणि कुक्कुटपालनाचा क्रमांक. तो याच फडक्याने निघतो. काढला नाही तर हळदीच्या पिवळ्या अंड्यावर ठळक उठून दिसतो. पुसून झाल्यावर अंडं शक्यतो चमच्यानेच उचला. भांडं स्टीलचं किंवा एनॅमलचं घ्या. लोखंडाच्या कढईत कांद्याचा रंग काळपट पडतो आणि ॲल्युमिनियमचं पातेलं आम्लाला आवडत नाही.

कांद्याची सालं

युरोपात अंडी रंगवण्याची सगळ्यात पसरलेली जुनी रीत हीच. रशिया, युक्रेन, लिथुआनिया, लॅटव्हिया, सर्बिया, जर्मनी, जिथे जाल तिथे आजीने सालं साठवलेली असतात. फुकट मिळतात आणि कधी फसवत नाहीत. सालांमध्ये क्वेर्सेटिन आणि टॅनिनच्या जातीची द्रव्यं भरपूर असतात, ती गरम पाण्यात उतरतात आणि उकळीला टिकतात. म्हणूनच या रंगात अंडं थेट उकडता येतं. बीटाचं नेमकं इथे घोडं अडतं, त्याकडे नंतर येते.

फक्त कोरडी, कागदासारखी वरची सालं घ्या. ओला पापुद्रा घेऊ नका, त्यात रंग कमी आणि वास जास्त. कागदी पिशवीत साठवा. प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. आज घरात सालं नसतील तर बाजारात कांद्याच्या पेटीच्या तळाशी ढीग पडलेला असतो, विचारलंत तर दुकानदार आनंदाने देतो. दहा अंड्यांना दाबून भरलेल्या तीन मोठ्या ओंजळी आणि दीड लिटर पाणी. सालं पाण्यात दाबून बसवा, उकळी आणा आणि मंद आचेवर अर्धा तास ठेवा. पाणी गडद चहासारखं होईल. गाळा, वरच्या प्रमाणात व्हिनेगर घाला आणि कोमट होऊ द्या.

इथे घाई नको. उकळत्या रंगात फ्रिजमधलं अंडं टाकलं की ते तडकतं. अंडी तासभर आधी बाहेर काढून ठेवा, कोमट रंगात एका थरात मांडा, हळूहळू तापवा आणि उकळी आल्यापासून दहा मिनिटं मोजा. मधूनमधून चमच्याने फिरवा, नाहीतर जिथे दोन अंडी टेकली तिथे फिकी चकती राहते. दहा मिनिटांत नारिंगी-विटकरी रंग येतो. आणखी गडद हवा असेल तर आच बंद करून त्याच पाण्यात थंड होऊ द्या आणि मग रंगासकट फ्रिजमध्ये ठेवा. सालं आणि अंडी सुरुवातीपासून एकत्र टाकून अर्धा तास उकळणारे लोक मी पाहिले आहेत. रंग सुंदर येतो, पण आत बलकाभोवती हिरवट-राखाडी कडं धरतं. बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक जास्त शिजवल्यावर एकत्र येतात, त्याचं ते कडं. अपाय काही नाही, पण मुलं तोंड वाकडं करतात.

आता यातली खरी मजा. पानाचा ठसा. एक जुना नायलॉनचा लांब मोजा घ्या आणि त्याचे वीतभर लांबीचे तुकडे कापा. एका टोकाला गाठ मारा. कोथिंबिरीचं, पार्सलीचं किंवा क्लोव्हरचं एक छोटं पान पाण्यात बुडवून अंड्यावर ठेवा, शिरा उठून दिसणारी मागची बाजू टरफलाकडे. बोटाच्या टोकाने पानाचा प्रत्येक दात सपाट बसवा. मग अंडं मोज्यात सरकवा, पण सरकवताना पान अंगठ्याने धरून ठेवा, नाहीतर ते घसरून गुंडाळतं. आता मोजा मागच्या बाजूला ओढून इतका ताणा की पानाच्या कडा नायलॉनखाली स्पष्ट दिसाव्यात, आणि दोऱ्याने घट्ट बांधा. कडेला जरा जरी फट राहिली तरी रंग आत शिरतो आणि ठशाच्या जागी नुसता ढग उमटतो. रंगवून झाल्यावर अंडं गार होईपर्यंत मोजा कापू नका. कापल्यावर पान चिमटीने उचला. खाली पांढऱ्यावर शिरांसकट पान उमटलेलं असतं, आणि ही वेळ मुलांसाठी राखून ठेवा.

पान निवडताना एक पथ्य. अंडी खायची आहेत, तेव्हा पानही खाण्याचंच हवं. इथे एप्रिलमध्ये बागेत लिली ऑफ द व्हॅलीची पानं वर येतात, दिसतात छान, पण विषारी. डॅफोडिलही नको. स्वयंपाकघरातल्या हिरव्या जुडीबाहेर जायची गरजच पडत नाही.

लॅटव्हियातली रीत याहून रांगडी आहे. तिथे अंड्याला आधी पानं-फुलं लावतात, त्यावर कांद्याची ओली केलेली सालं थेट गुंडाळतात, वरून फडकं आणि दोरा. कोणी त्यात तांदळाचे दाणेही घालतात. हे गाठोडं साध्या पाण्यात उकडलं की संगमरवरासारखी नक्षी उतरते, दर वेळी वेगळी. चार वर्षांच्या मुलांना पान नीट चिकटवणं जमत नाही, त्यांच्यासाठी हेच बरं. चूक दिसतच नाही.

जांभळा कोबी

तुमची निळी अंडी. कोबीतला रंग अँथोसायानिन जातीचा. आम्लात गुलाबी-लाल, साध्या पाण्यात जांभळा, अल्कलीत निळा-हिरवा. शाळेत लिटमसऐवजी हाच प्रयोग बऱ्याच जणांनी केलेला असेल. तुम्ही रंगात व्हिनेगर घातलंत तेव्हा पाणी गुलाबी झालं, म्हणून अंडंही गुलाबी-जांभळं होईल असं वाटलं. पण टरफल चुनखडीचं. आम्ल तिच्याजवळ पोचताच खर्ची पडतं, आणि नेमक्या त्याच थरात, जिथे रंग धरतो, तिथे तो निळ्याकडे झुकतो. गुलाबी पाण्यात निळं अंडं! किटात हे करून दाखवा. रंगापेक्षा मुलांना हा प्रकार जास्त आठवतो.

अर्धा मध्यम कोबी बारीक चिरून एक लिटर पाण्यात अर्धा तास उकळा, गाळा, पूर्ण गार करा. मग व्हिनेगर घाला. अंडी वेगळी उकडून, गार करून या पाण्यात बुडवा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. इथे गरम रंगात उकडून काम होत नाही, वेळ लागतो. अर्ध्या तासात राखाडी, तीन-चार तासांत आकाशी, सकाळपर्यंत गडद निळा. अंडी वर तरंगली तर त्यांच्यावर एक बशी उपडी ठेवा, नाहीतर डोकं पांढरं राहतं. पातेल्यापेक्षा काचेच्या उभ्या बरणीत कमी रंगात जास्त अंडी बुडतात.

सकाळी अंडं बाहेर काढलं की निराशा होईल, कारण ओलं असताना ते डागाळलेलं दिसतं आणि पृष्ठभाग बुळबुळीत लागतो. त्याला हात लावू नका, पुसू नका, नळाखाली धरू नका. वाळता वाळता रंग गडद होतो आणि बसतो. मी पाहिलेल्या बिघडलेल्या निळ्या अंड्यांपैकी बहुतेक याच पाच मिनिटांत बिघडलेली असतात: कोणीतरी उत्साहाने टॉवेल घेऊन येतं.

गाळून उरलेला कोबी फेकू नका. त्यात सफरचंदाच्या फोडी, दोन लवंगा, थोडी साखर आणि व्हिनेगर घालून परता. रोटकोल या जर्मन कोबीच्या भाजीसारखं काहीतरी तयार होतं. रंग गेलेला असल्याने दिसायला फिकं, पण जेवणात चालून जातं.

जांभळ्याचा हट्ट सोडा. गोठवलेल्या ब्लूबेरी चुरडून रात्रभर ठेवल्या तर राखाडी-निळसर छटा येते, तिला कोणी लॅव्हेंडर म्हणतं. मी त्या ब्लूबेरी खाऊन टाकते.

हळद

हळदीचे चट्टे का पडले? कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. तुम्ही पाण्यात पूड घातलीत, ती तळाशी बसली, आणि जिथे पुडीचा कण अंड्याला टेकला तिथे गडद, बाकी फिकं. तीन मोठे चमचे हळद लिटरभर पाण्यात पंधरा मिनिटं उकळा आणि दुहेरी मलमलच्या फडक्यातून गाळा. गाळणी पुरत नाही, फडकंच हवं. मग व्हिनेगर घालून कच्ची अंडी त्याच गरम होत जाणाऱ्या रंगात उकडा. गरम पाण्यात थोडं जास्त कर्क्युमिन उतरतं, म्हणून हळदीला उष्ण पद्धतच चांगली. पंधरा-वीस मिनिटांत स्वच्छ, झगझगीत पिवळा रंग येतो. तयारीसकट वेळ धरला तर तिन्ही रंगांत हळद सगळ्यात झटपट.

तिच्या दोन खोडी आपल्याला घरूनच माहीत आहेत. एक, हळदीच्या डागाला साबण लागला की लाल होतो, आणि हळदीपासून कुंकू करतात तेही त्याच गुणामुळे. त्यामुळे साबणाचा हात नीट न धुता पिवळं अंडं धरलंत तर बोटांचे केशरी-लाल ठसे उठतील. दुसरी, ऊन. हळद लागलेला कपडा आपण उन्हात टाकतो, तसंच खिडकीत मांडलेलं पिवळं अंडं दोन-तीन दिवसांत फिकटतं. किटात द्यायची पिवळी अंडी शेवटी रंगवा आणि सावलीत ठेवा.

हिरवा हवा असेल तर आधी हळदीत उकडा, पूर्ण वाळवा, मग कोबीच्या गार पाण्यात दोन-तीन तास. उलट क्रमाने केलंत तर गरम हळदीच्या पाण्यात कोबीचा निळा उतरून जातो.

बीट आणि इतर मंडळी

बीटाचा रंग बेटानिन. उष्णतेने तो मोडतो. बीटाच्या उकळत्या पाण्यात अंडी टाकली की पाणी लाल दिसत राहतं आणि अंडं मातकट होतं. गार रसात व्हिनेगर घालून रात्रभर ठेवलं तर हलका गुलाबी येतो, पण तो टिकत नाही. एका दिवसासाठी हवा असेल तर करा, मी बीटाची कोशिंबीर करते. गाजराचं कॅरोटीन तेलात उतरतं, पाण्यात नाही, म्हणून गाजराचं पाणी अंड्याला रंग देत नाही. पालकाचं हरितद्रव्यही तसंच, अंडं फार तर करडं-हिरवट होतं. चहा-कॉफीने तपकिरी येतो हे खरं, पण तपकिरी अंडं दुकानातच मिळतं.

लाल, खराखुरा लाल, स्वयंपाकघरात मिळत नाही. ग्रीसमध्ये ईस्टरची अंडी लालच असतात, ख्रिस्ताच्या रक्ताची खूण म्हणून, आणि ती पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी रंगवतात. तिथे जुन्या पद्धतीत मॅडरचं मूळ वापरायचे, आपल्या मंजिष्ठेचं ते सख्खं भावंड. अंडी एकमेकांवर आपटायचा खेळही तिथे खेळतात: ज्याचं शेवटपर्यंत फुटत नाही त्याचं वर्ष चांगलं जातं. मंजिष्ठेने विटकरीच्या पुढचा लाल मिळतो, पण ती वनौषधी आहे. किटाच्या खाण्याच्या अंड्यांसाठी मी वापरत नाही, सजावटीच्या पोकळ अंड्यांसाठी वापरते.

तपकिरी अंडी

चालतात, आणि कांद्यासाठी तर मी मुद्दाम तपकिरीच घेते. टरफलाचा तपकिरी रंग प्रोटोपॉर्फिरिन नावाच्या द्रव्याचा, आणि तो मुख्यतः बाहेरच्या थरांत असतो. तपकिरीवर कांदा महोगनी लाकडासारखा चढतो, कोबी गडद हिरवट-निळा, हळद गेरूच्या जवळ जाते. सौम्य छटा मिळणार नाहीत एवढंच. अंडं पांढरं करायला ते व्हिनेगरमध्ये बुडवून घासायचा सल्ला कुठे वाचाल तर ऐकू नका, वरचा थर जातो आणि त्यावर नवा रंग भुकटीसारखा बसतो. आकाशी किंवा लख्ख पिवळी हवी असतील तर पांढरी अंडी आत्ताच आणून ठेवा. ईस्टर जवळ आला की दुकानात ती आधी संपतात.

नक्षी

तुम्ही लाइपझिगकडे राहता, तर सवड काढून बाउत्सेनला जा. त्या भागात सॉर्ब लोक राहतात, स्लाव भाषा बोलणारा जर्मनीतला छोटा समाज, आणि अंड्यांची नक्षी हे त्यांचं खास काम. हंसाच्या पिसाचं टोक त्रिकोणी किंवा चौकोनी कापून ते वितळलेल्या मेणात बुडवतात आणि अंड्यावर ठिपके टेकवत जातात. मग रंग, पुन्हा मेण, पुन्हा अधिक गडद रंग. शेवटी मेणबत्तीच्या ज्योतीजवळ धरून मेण पुसून काढतात. हे काम गार रंगातच होतं, गरम पाण्यात मेण वितळेल. म्हणजे घरगुती रंगांपैकी कोबीवर हे जमतं आणि गार केलेल्या कांद्याच्या पाण्यावर वेळ देऊन जमतं. युक्रेनमध्ये मेणाच्या नक्षीची कच्ची, न खाण्याची अंडी वेगळी आणि एकाच रंगात उकडलेली खाण्याची वेगळी असा स्पष्ट भेद आहे. नक्षीच्या त्या कलेची २०२४ मध्ये युनेस्कोच्या यादीत नोंद झाली.

घरी सगळ्यात सोपं म्हणजे कोरणं. कांद्यात गडद रंगवलेलं, पूर्ण वाळलेलं अंडं घ्या आणि जाड सुईच्या टोकाने रंग खरवडा. खालचं टरफल पांढऱ्या रेषेत उघडं पडतं. नाव, तारीख, एक मासा, काय हवं ते. हात टेबलावर टेकवून, अंडं फिरवत कोरा. हे मोठ्यांचं काम, पण प्रत्येक मुलाचं नाव कोरून दिलंत तर किटात तुमची अंडी कोणी विसरणार नाही. लहानांना लिंबाच्या रसात बुडवलेली कापसाची काडी द्या. रंगीत अंड्यावर ती टेकवली, थोडं थांबून टिपली, की तिथला रंग उतरतो.

वाळवायला थर्माकोलच्या तुकड्यात टाचण्या टोचून त्यांच्या डोक्यांवर अंडी ठेवा. अंड्यांच्या खोक्यात ओली ठेवली तर टेकल्या जागी गोल डाग राहतो. वाळल्यावर सूर्यफुलाच्या तेलाचे दोन थेंब फडक्यावर घेऊन पुसा. एकदम चमक येते आणि रंग एक छटा गडद होतो. जर्मन घरांत यासाठी डुकराच्या चरबीचा तुकडा चोळायची रीत आहे. किटात सगळ्या घरांतली मुलं येतात, तेव्हा तेलच बरं.

खाण्याचं

या रंगांनी अंडं खायला काहीच हरकत नाही, रंग तडकलेल्या जागेतून आत शिरला तरीही. जपायचं ते वेळेला आणि तापमानाला. उकडताना अंड्यावरचं नैसर्गिक संरक्षण जातं, त्यामुळे उकडलेलं अंडं कच्च्यापेक्षा लवकर खराब होतं. ते फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्याच्या आत संपवा. बाहेर सलग दोन तासांपेक्षा जास्त नको. बागेत लपवून शोधायच्या खेळात अंडी उन्हात किती वेळ पडली याचा हिशेब कोणी ठेवत नाही. त्या खेळासाठी पोकळ किंवा लाकडी अंडी वापरा आणि खाण्याची टोपलीत द्या. सोलायला सोपी हवी असतील तर आठवडाभर जुनी अंडी घ्या. फार ताज्या अंड्याचा पांढरा भाग पापुद्र्याला घट्ट चिकटतो.

मावशींसाठी

वसईत त्यांना एक सोय आपल्यापेक्षा जास्त आहे: पांढरी अंडी कोपऱ्यावर मिळतात. गावठी मिळाली तर ती कांद्यासाठी ठेवायची. आपल्याकडच्या लाल कांद्याच्या सालांचा रंग इथल्या पिवळ्या कांद्यासारखा येत नाही. कधी मरून, कधी शेवाळी. दोन-तीन प्रकारची सालं मिसळली की जरा सावरतो. दारात गोकर्ण असेल तर त्याच्या निळ्या फुलांचं पाणी कोबीऐवजी वापरून बघायला सांगा. तोही अँथोसायानिनच, आणि कोबीसारखा वास नाही. ठशासाठी शेवग्याची कोवळी डहाळी किंवा कोथिंबीर. कण्हेर अजिबात नको.

खरी अडचण उन्हाची. ३२ अंशांच्या वर गेलं की दोन तासांची मुदत एका तासावर येते, आणि वसईत ईस्टरच्या दिवसांत दुपारी तेवढं असतंच. रात्रभर भिजवणं फ्रिजमध्येच, आणि टेबलावर मांडायची ती प्रार्थनेहून परतल्यावर. तिकडे ईस्टरला बेकरीतली मार्झिपानची अंडी जास्त ओळखीची आहेत, काजूची, रंगीत साखरेच्या फुलांची. मावशींनी दोन्ही एकाच ताटात ठेवली तर मुलं कशाला हात घालतील हे मी सांगायला नको.

तुमच्या दहा अंड्यांचा बेत असा लावा. गुड फ्रायडेला आणि ईस्टर सोमवारी इथे दुकानं बंद असतात, आणि किटाचा कार्यक्रम बहुतेक त्याच्या आधीच, बुधवार-गुरुवारी असतो. तेव्हा ईस्टरच्या आधीच्या सोमवारी कोबी आणि व्हिनेगर आणा, संध्याकाळी चार अंडी कोबीत टाका. मंगळवारी चार कांद्यात, पानाच्या ठशासकट. दोन हळदीत, अगदी शेवटी. तेरा-चौदा अंडी उकडायला घ्या, एक-दोन तडकतातच. तडकलेली किटाला पाठवू नका. त्याच रात्री सोलून रश्शात घाला.